मदत हवी आहे : रात्रीचं खाणं हाताबाहेर गेलंय (डाएट प्लॅन नको)

नमस्कार. आयडी नवा काढलाय, कारण जुन्या आयडीवरून मला प्रत्यक्ष ओळखणारे बरेच जण इथे आहेत.

मुलगा आहे, वय २२, मूळचा सांगलीकडचा, पुण्यात हॉस्टेलला राहून एमएस्सी करतोय. मुलगा आहे हे आधीच सांगतोय, कारण या विषयावरचे जुने धागे चाळले तर जवळजवळ सगळे मुलींचे नाहीतर बाळंतपणानंतरच्या वजनाचे निघाले. मुलगा सुटला की 'खात्यापित्या घरचा आहे' म्हणायचं, विषय संपला.

वजन शंभरीच्या पुढे आहे. पण माझी खरी पंचाईत रात्रीची आहे.

दिवसा मी फारसा जेवतच नाही. सकाळी चहा, दुपारी मेसमध्ये दोन चपात्या-भाजी. भाताला हात लावत नाही, कारण टेबलावर कुणीतरी बघत असतं. मग गाईड काही बोलले, घरून फोन आला, किंवा काहीच झालं नाही तरी, साडेअकराच्या सुमारास सुरू होतं. आईने दिलेला चिवडा, मग रूममेटची बिस्किटं, मग खाली जाऊन वडापाव, वर येऊन परत चिवडा. भूक नसते, चवही कळत नाही. पोट दुखायला लागलं की थांबतो. बिस्किटांचे कागद खोलीतल्या डब्यात टाकत नाही, बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात कोंबतो आणि सकाळी डिपार्टमेंटबाहेरच्या कचरापेटीत टाकतो. रूममेटचा पुडा संपवला असेल तर तो उठायच्या आत तसाच दुसरा आणून ठेवतो. मग स्वतःची किळस येते, दिवसभर पोटाला चिमटा, आणि रात्री पुन्हा तेच.

शर्ट एक साइज मोठाच घेतो. छाती दिसू नये म्हणून खांदे पाडून चालायची सवय लागलीये, त्याने आता पाठ दुखते. कृष्णेत पोहायला शिकलेला माणूस मी, पण इथल्या तलावावर एकदाही गेलो नाही. अंग उघडं करावं लागतं ना.

मध्यंतरी मामेभावाच्या लग्नाचे कपडे शिवायला टाकले. शिंप्याने टेप लावली आणि आतल्या पोराला ओरडून सांगितलं, "कंबर चव्वेचाळीस लिही रे!" दुकानात मामी आणि दोन मावश्या. मावशी म्हणाली, "पुण्याचं पाणी मानवलंय." सगळे हसले, मीपण हसलो. त्या रात्री लग्नघरातल्या कोठीच्या खोलीत उभ्या-उभ्या बुंदीचे लाडू खाल्ले. किती ते नाही लिहीत.

आई फोनवर "पोट आवर जरा" म्हणते आणि निघताना पिशवीत शेंगदाण्याचे लाडू भरते. तिला दोष देत नाहीये. तिला दोन्ही मनापासून वाटतं.

विचारायचं ते असं, की हा आजार आहे की नुसता जिभेवर ताबा नसणं? दाखवायचं तर आधी कुणाला, आहारतज्ज्ञ, फिजिशियन की मानसोपचार? पैसे घरी न मागता जमेल का? आणि घरी सांगायचं तर कसं?

दीक्षित की दिवेकर हा वाद कृपया इथे नको, त्याला वेगळे धागे आहेत. सकाळी उठून गरम पाणी-लिंबूही पिऊन झालंय.

प्रतिसाद – रानवाटा
रोज बारा सूर्यनमस्कार घाल. मनावर घेतलं की सगळं होतं. आमच्या वेळी हॉस्टेलला रात्री खायला मिळायचंच नाही.

प्रतिसाद – शेवंती_क
@रानवाटा, धाग्याचं शीर्षक तरी वाचा हो.

प्रतिसाद – निशाचर७
मी मानसोपचार विभागात काम करतो. इथे लिहून निदान होत नाही, पण तू लिहिलंयस त्याला वैद्यकात नाव आहे : बिंज ईटिंग डिसऑर्डर. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या सूचीत, म्हणजे २०१३ पासून, तो स्वतंत्र आजार म्हणून नोंदलाय. भूक नसताना, भराभर, पोट दुखेपर्यंत, लपून खाणं, खाताना ताबा सुटल्यासारखं वाटणं आणि नंतर किळस. सरासरी आठवड्यातून एकदा, असं तीन महिने चाललं की डॉक्टर त्याचा विचार करतात. पुरुषांनाही होतो, ते दाखवायला येत नाहीत एवढंच. खाल्ल्यावर ओकारी काढत असशील किंवा जुलाबाच्या गोळ्या घेत असशील तर तेही डॉक्टरांना सांग, कारण मग आजार वेगळा आणि त्यातले धोकेही वेगळे.

आता तुझा दिवसभराचा उपास. रात्रीचं खाणं बऱ्याच अंशी तिथून येतंय. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना जवळपास सहा महिने निम्म्या आहारावर ठेवलं होतं. त्या पोरांना दिवसरात्र अन्नच सुचायला लागलं, काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. पुन्हा पोटभर मिळायला लागल्यावर त्यातल्या कित्येकांना खाणं थांबवता येईना. ती निवडून घेतलेली, निरोगी माणसं होती, त्यामुळे जिभेवरच्या ताब्याचा हिशोब तू सोड.

आजपासून एवढंच कर : तीन जेवणं आणि मधे दोनदा थोडं खाणं, दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नको. भातही घे. रात्री जास्त खाल्लंस तरी सकाळचा नाश्ता चुकवू नकोस, हे सगळ्यात अवघड जाईल. वहीत कॅलरी लिहू नकोस. वेळ, काय खाल्लं आणि त्याआधी काय घडलं, इतकंच लिही. ती वही पुढे डॉक्टरांना उपयोगी पडते.

आधी मानसोपचार. थायरॉइड, साखर, रक्तदाब तेच तपासायला सांगतील. छातीचंही विचार, कधीकधी ती नुसती चरबी नसते, ग्रंथी वाढलेली असते आणि त्याला उपचार असतात. यावर मुख्य उपचार सीबीटी नावाच्या समुपदेशनाचा, गरज पडली तर औषधं. एक स्पष्ट सांगतो, याने आधी खाण्याचे झटके कमी होतात, वजन लगेच उतरेलच असं नाही.

खर्चाचं म्हणशील तर ससूनला मानसोपचार विभाग आहे, सरकारी असल्यामुळे परवडेल. फोनवर बोलायचं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, नंबर १४४१६, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. तू सज्ञान आहेस, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे तुझी माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

प्रतिसाद – शेवंती_क
माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे, म्हणून आईच्या बाजूने लिहिते. तिला 'आजार' शब्दाने सुरुवात करून सांगू नकोस बाळा, ती रात्रभर झोपायची नाही. "आई, रात्रीचं खाणं आवरत नाही, डॉक्टरांना दाखवतोय, तू वजनावरून बोललीस की त्या दिवशी जास्त होतं" एवढं फोनवर सांग. समोर बसून जमणार नाही तुला. आणि लाडू नको म्हणू नकोस, चार दे म्हण. लग्नात मावशीला उत्तर द्यायची काही गरज नाही, पण हसूही नकोस.

धागाकर्ता
सगळ्यांना धन्यवाद. ओकारी, गोळ्या वगैरे काही नाही. आज दुपारी मेसमध्ये भात घेतला, कुणी काही बोललं नाही.

@निशाचर७, ससूनला जाईन म्हणतोय. एक बावळट प्रश्न आहे. केसपेपर काढताना खिडकीवर 'काय होतंय' विचारतात, तेव्हा मागे रांग असताना काय सांगायचं?

प्रतिसाद – निशाचर७
"मानसोपचार, नवीन पेपर" एवढंच म्हण. आधार कार्ड जवळ ठेव, सकाळी लवकर जा, आणि निघायच्या आधी नाश्ता कर.