मदत हवी आहे : ‘फँटम ऑफ द ऑपेरा’चं पूर्ण भाषांतर कोणतं?

मंडळी, गास्ताँ लरूची ही कादंबरी इंग्रजीतून वाचायची आहे. नेटवर फुकट मिळतं ते १९११ सालचं भाषांतर. वाचायला झकास, पण मूळ फ्रेंचमधला बराच मजकूर त्यात गाळलेला आहे. डेव्हिड कॉवर्ड आणि मिरेय रिबिएर यांची नवी भाषांतरं आहेत. दोन्ही चाळलेलं कुणी आहे का? टीपा कुणाच्या चांगल्या?

लॉन चॅनीचा १९२५ चा मूकपट आणि लॉइड वेबरच्या १९८६ च्या संगीत नाटकाचं रेकॉर्डिंग पाहून झालंय. नाटकात प्रेमकथेचाच गाजावाजा फार (गाणी मात्र अफलातून!). मला हवाय तो मुळातला बातमीदार लरू. १८९६ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात खेळ चालू असताना झुंबराचं प्रतिवजन कोसळून एक बाई दगावली होती. ती घटना त्याने कादंबरीत कशी मुरवलीये, ते सगळं वाचायचंय.

आणखी एक. आतून बंद खोलीत हल्ला, हल्लेखोर मात्र गायब, अशी त्याची १९०७ ची पिवळ्या खोलीची रहस्यकथा मराठीत आली आहे का? जुनं, फाटकं पुस्तक असलं तरी चालेल.