मदत हवी आहे : ट्रॅकवर टायर रिमवर सरकतो

नमस्कार मंडळी, मी रत्नागिरीचा. गेल्या महिन्यात गाडी घेऊन कोइमतूरच्या करी स्पीडवे या रेसिंग ट्रॅकवर गेलो होतो. निघायच्या आदल्या दिवशीच इथे नवे मऊ कंपाउंडचे टायर बसवले. चढवताना पंक्चरवाल्याने बीडला (रिमवर घट्ट बसणारी टायरची कड) साबणाचं पाणी सढळ हाताने लावलं होतं.

तिसऱ्या लॅपपासून सरळ पट्ट्यावर स्टिअरिंग थरथरायला लागलं. व्हॉल्वसमोर टायर आणि रिमवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली होती. उतरून बघतो तर पुढच्या दोन्ही चाकांवर ती तुटलेली, टायरवरचा तुकडा चार बोटं पुढे! मागचे जागच्या जागी. म्हणजे जोराच्या ब्रेकिंगमध्येच सरकतोय : ब्रेक रिमला धरून ठेवतो आणि रस्ता टायरला पुढे फिरवत राहतो. बॅलन्सिंग अर्थातच गेलं. थंड असताना हवा २६ पीएसआय होती.

आता साबण पूर्ण पुसून, कोरडं करून पुन्हा बसवणार आहे. पण खरी अडचण रिमची. खाऱ्या हवेने ॲलॉयला फोड आले म्हणून पावडर कोटिंग करून घेतलं, त्यामुळे बीड बसते ती जागा काचेसारखी गुळगुळीत झालीय. ती पॉलिश पेपरने खरवडली तर पकड वाढेल, पण समुद्राकाठी उघडं ॲल्युमिनियम पुन्हा फुलेल आणि हवा झिरपेल, ही धास्ती आहे.

कुणी असं केलंय का? किती नंबरचा पेपर? टायर बसवल्यावर ट्रॅकआधी किती दिवस थांबता? हवा किती ठेवता? अनुभव सांगा, प्लीज. १५० च्या वेगाला हे पुन्हा नको आहे.