कपाट जड, पण गादीला काय म्हणायचं? जडपणाचे शब्द इंग्रजीत जास्त की आपल्याकडे?

जुनं_गावठाण
रविवारी जुन्या नाशकातल्या वाड्यातून सामान खाली उतरवलं. लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं, पण चौघांनी मिळून काढलं. खरा घाम काढला तो आजीच्या कापसाच्या गादीने. वजन कपाटाच्या पावपट नसेल, पण दोन्ही टोकं धरली की मधूनच पोट काढायची. भाच्याला तर तिने जिन्यातच गाडला. तो बारावीचा, आतून ओरडला, "मामा, कपाट हेवी, गादी अनविल्डी!"
वील्ड म्हणजे हत्यार हातात पेलून हवं तसं चालवणं. जे तसं चालवता येत नाही ते अनविल्डी, मग वजन असो-नसो. मला मराठी शब्द सुचेना. अवजड म्हणावं तर त्यात जड आलंच. पॉन्डरस (वजनदार आणि संथ), कम्बरसम (वागवायला अडचणीचं), लम्बरिंग (जड पावलांनी चालणारं), अनगेनली (बेढब हालचालींचं), क्लम्झी (हातून सांडणारा-फोडणारा)... आपण सगळ्यांना ‘अवजड’ची एकच टोपी घालतो. या बाबतीत इंग्रजी पुढे आहे, असं माझं मत.

सातपूरकर_फिटर
शब्द नाहीत की तुम्हाला येत नाहीत? अगडबंब, अवाढव्य, धूड, जडशीळ, बोजड, बेढब, बेंगरूळ. आणि कम्बरसमसाठी लोढणं घ्या. ओढाळ गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात, पळायला गेलं की तो पायात येतो. जनावर चालतं, पण मोकळं चालू शकत नाही. याहून नेमका शब्द इंग्रजीत दाखवा.

उतारेवाली
दादा, लोढणं नाम झालं. मला रोज विशेषण लागतं, मी भाषांतरावर पोट भरते. पॉन्डरस घ्या. लॅटिनमध्ये पॉन्डस म्हणजे वजन. त्याच घरातलं पॉन्डर, म्हणजे मनातल्या मनात तोलून पाहणं. त्यामुळे पॉन्डरस भाषणात वजन, संथपणा आणि कंटाळा एकदम येतात. ‘बोजड’ लिहिलं की संथपणा गळतो.

सातपूरकर_फिटर
जडजंबाल.

उतारेवाली
हं. हा चांगला आहे. पण माणसाच्या चालीला नाही लावता येत.

गंगेवरचा
मुळात मोजणीच चुकतेय. इंग्रजीला वजन दिसलं की बेंगरूळपणा दिसतो, आपल्याला तसं दिसत नाही. एलिफंटाइन म्हणजे हत्तीएवढं मोठं आणि हत्तीसारखं बेढब. आपल्याकडे गजगामिनी ही सुंदरीची चाल! दुसरं, जगरनॉट. पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून उचललेला शब्द. अर्थ काय केला, तर वाटेत येईल ते चिरडत जाणारं धूड. ब्रिटनमध्ये तर भल्यामोठ्या ट्रकलाच जगरनॉट म्हणतात.
आता चैत्रातल्या कामदा एकादशीला निघणारा आपल्या नाशकातला रामरथ आठवा. लाकडाचं केवढं धूड ते, गल्लीच्या वळणावर सगळ्यांचा श्वास अडकतो. आणि त्याच्यापुढे मानकरी रथाकडे तोंड करून उलट पावलांनी चालत असतात. कुणी म्हणेल का रथ बेंगरूळ चालतो?

मखमलाबादचा_मळा
गंगेवरचे, कविता छान आहे. घरी पोरगं जिन्यावरून उतरलं की "हत्तीसारखा काय धपाधप चालतोस" हे तुम्ही म्हणत नाही? आमच्याकडे दिवसातून दोनदा म्हणतात. गजगामिनी श्लोकात राहते, घरात हत्तीच असतो. जडबुद्धी, ठोंब्या हे शब्दही आपलेच. आणि पुढारी आपल्याकडे ‘वजनदार’ असतो म्हणाल, तर इंग्रजीतही वजनदार मताला वेटी म्हणतातच. दोन्हीकडे दोन्ही आहे.

निफाड_बागाईतदार
क्लम्झीवर कुणीच बोललं नाही. हा शब्द थंडीतून आलाय. मध्ययुगातल्या इंग्रजीत थंडीने बधिर होणं अशा अर्थाचं क्रियापद होतं, त्यातून क्लम्झी. डिसेंबरात पहाटे आमच्या द्राक्षबागेत या. शेकोट्या पेटलेल्या असतात, आणि कात्री हातात घेतली की बोटं वळत नाहीत. मणी सोडून देठच कापला जातो. तो खरा क्लम्झी!
पण मराठीत मी त्या गड्याला वेंधळा म्हणणार नाही. वेंधळ्याचं लक्ष नसतं. धांदरटाला घाई असते. गबाळ्याला टापटीप नसते. तिघांच्याही हातून कप फुटतो, पण कारणं वेगळी. इंग्रजी फुटलेला कप बघते, आपण कप का फुटला ते विचारतो.

उतारेवाली
पटलं, आणि तिथेच माझी अडचण आहे. मूळ लेखकाने कारण सांगितलेलंच नसतं! तो नुसतं क्लम्झी लिहितो. मी वेंधळा लिहिलं तर पात्राच्या डोक्यावर आरोप केला, धांदरट लिहिलं तर त्याला उगाच घाईला लावलं. लक्ष आहे, घाई नाही, तरी कप फुटतो, त्याला काय म्हणू?

मखमलाबादचा_मळा
आमची आई म्हणते, "हाताला काय भोकं पडलीत?"

उतारेवाली
हे कादंबरीत चाळीस वेळा कसं लिहू?

जुनं_गावठाण
परत आलो. काल टेम्पोवाल्या काकांना भाडं द्यायला गेलो होतो, त्यांनाच विचारलं, कपाट निघालं आणि गादी का नाही? बिडी विझवून म्हणाले, "कपाट आपलं आपण उभं राहतं. गादी अंग टाकते."
हमाली करताना हाच शब्द चालतो म्हणे. ताडपत्रीही अंग टाकते, दारू प्यालेला माणूसही. अनविल्डीच्या पाठीला पाठ लावून उभा करा. आधीच्या मतातला अर्धा भाग मागे घेतो.

उतारेवाली
क्रियापद एक नंबर. विशेषण कुठंय?

सातपूरकर_फिटर
अंगटाकी गादी. घ्या, केलं तयार.

उतारेवाली
संपादक कापणार.