डिप्लोमसीत ऑस्ट्रिया वाट्याला आलाय, पहिली दोन वर्षं काढायची कशी?

हर्णैकर

मासेमारी बंदी लागली, होड्या वर ओढून झापांनी झाकल्या, आणि आमचा डिप्लोमसीचा, म्हणजे युरोपच्या नकाशावर एकेक देश घेऊन खेळायच्या पटावरच्या खेळाचा, डाव बसला. फोनवर खासगीत बोलणी, रात्री नऊच्या आत चालींच्या ऑर्डरी. चिठ्ठ्या टाकल्या तर मला ऑस्ट्रिया. सगळे फिदीफिदी हसले.

इटली माझा चुलतभाऊ. रशिया दापोलीचे एक मास्तर, गोड बोलून गळा कापणारे. तुर्कस्तानवाला पोरगा नवीन आहे. जर्मनी माझी बायको, आणि तिने आधीच सांगितलंय की घरातलं घरात, डावातलं डावात.

माझं भांडवल म्हणजे व्हिएन्ना, बुडापेस्टला एकेक आर्मी आणि ट्रिएस्टला फ्लीट. ट्रिएस्टला खेटून व्हेनिस, तिथे इटलीची आर्मी पहिल्यापासून बसलेली. वरून रशिया वॉर्सातून गॅलिशियात उतरला की मेलोच. बुडापेस्टची आर्मी सर्बियात जाणार हे ठरलंय. व्हिएन्नाची आर्मी कुठे लावू, गॅलिशियात की ट्रिएस्टला?

दाभोळखाडी

हेजहॉग खेळ, ती बचावाची सुरुवात. ट्रिएस्टचा फ्लीट व्हेनिसवर, व्हिएन्ना गॅलिशियात, बुडापेस्ट सर्बियात. इटली ट्रिएस्टवर आला तर दोघंही आपटून जागच्या जागी, आणि व्हेनिस सोडून टायरोलियात गेला तर व्हेनिस तुझं. रशियाही अडला. विषय संपला.

वेंगुर्ल्याची माई

विषय संपत नाही रे दाभोळकरा. फ्लीट व्हेनिसवर आपटला तर ग्रीसला कोण जाणार? पहिल्या वर्षी ग्रीस सुटलं की ऑस्ट्रिया चार सेंटरवर अडकतो (जेवढी सेंटर ताब्यात तेवढ्याच आर्म्या-फ्लीट), आणि तुर्कस्तान बल्गेरियात बसून पुढच्या वर्षी ग्रीसवर डोळा ठेवतो. शिवाय ज्या चुलतभावाची मदत लागणार, त्याच्याच व्हेनिसवर पहिल्या ऑर्डरीत चाल? तू कितीही समजावलंस तरी तो म्हणेल, मेल्या, हां काय रे!

हर्णैकरा, मी सांगते ते ऐक. आम्ही भावंडं हा खेळ खूप खेळतो आणि ऑस्ट्रिया मी मागून घेते, कारण दुसरं कुणी घेतच नाही.

फ्लीट अल्बेनियाला. बुडापेस्ट सर्बियाला. व्हिएन्ना गॅलिशियाला. ट्रिएस्ट उघडं टाकायचं, हो, उघडं. इटली आत आला तर तुझं एक सेंटर धोक्यात. रशिया गॅलिशियात आला तर एका आर्मीने व्हिएन्ना आणि बुडापेस्ट दोन्हींना धोका, कुठलं राखायचं ते फॉलमध्ये, म्हणजे स्प्रिंगनंतरच्या त्याच वर्षाच्या दुसऱ्या चालीत, तू अंदाजाने ठरवणार. म्हणून दोन दारांपैकी गॅलिशियाचं आधी.

त्यात मास्तरांशी उघड बोल. "सर, दोघांनीही गॅलिशियाची ऑर्डर टाकू या, दोघंही अडू, कुणाला कुणाचा संशय नको." त्यांनी शब्द पाळला तर तुझी आर्मी व्हिएन्नातच राहते, म्हणजे फॉलमध्ये ट्रिएस्ट राखायला तीच मोकळी. ते आलेच नाहीत तर तू गॅलिशियात, वॉर्साच्या दारात. मग बोलणी तुझ्या अटींवर.

फॉलमध्ये सर्बियाची आर्मी जागेवरून हलवायची नाही. तिने अल्बेनियाच्या फ्लीटला ग्रीससाठी सपोर्ट द्यायचा, म्हणजे त्या चालीला आपला जोर लावायचा. तुर्कस्तान बल्गेरियातून एकटा आला तर मागेच फिरेल. फक्त इटलीचा फ्लीट आयोनियन समुद्रात असेल आणि त्याने तुर्कस्तानला सपोर्ट दिला, तर जमणार नाही. सगळं नीट झालं, तर सर्बिया, ग्रीस आणि घरची तीन मिळून पाच सेंटर. नव्या दोन आर्म्या बांधायच्या, आर्म्याच. ट्रिएस्टला फ्लीट बांधलास की चुलतभाऊ त्याच रात्री तुर्कस्तानला फोन लावील.

आता खरं काम, फोनवरचं. ऑस्ट्रिया हलवण्याआधी बोलण्याचा देश आहे. देवासमोर गाऱ्हाणं घालावं तसं सगळ्यांपुढे "मला वाचवा" करत बसू नको. तू मेल्यावर तुझी सेंटर कुणाच्या घशात जातील ते प्रत्येकाला वेगवेगळं सांग. इटलीला सांग, "ट्रिएस्ट तुला मिळेल रे, पण बुडापेस्ट, सर्बिया, ग्रीस रशिया आणि तुर्कस्तान खातील. मग तुर्कस्तानचे फ्लीट आयोनियनमध्ये, आणि तुझ्या पाठीशी कोण?" लगेच त्याच्यापुढे लेपांटो, म्हणजे इटलीने समुद्रातून तुर्कस्तानवर जायचा बेत, ठेव. नेपल्सचा फ्लीट आयोनियनमध्ये, रोमची आर्मी अपुलियात. फॉलमध्ये तीच आर्मी कॉन्व्हॉयने, म्हणजे फ्लीटवरून समुद्रापार, ट्युनिसला. खेळातल्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९०२ मध्ये, एक फ्लीट ईस्टर्न मेडिटरेनियनमध्ये, दुसरा आयोनियनमध्ये, आणि ट्युनिसची आर्मी थेट सीरियात. तुर्कस्तान कोपऱ्यात बसलेला असतो, उशीर केला तर तो हलत नाही. तिकडे इटली, बाल्कनात तू, आणि व्हेनिसची आर्मी घरात. चुलतभाऊ आहे म्हणून विश्वास ठेवू नको, त्याचा फायदा आहे म्हणून ठेव.

मुरुडवाला

माईंचं पटलं. आमच्याकडे जंजिऱ्याचं उदाहरण घ्या. सिद्दीच्या एका बाजूला मराठे, दुसऱ्या बाजूला इंग्रज आणि पोर्तुगीज. शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग बांधला, १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी वेढा घातला, तरी किल्ला पडला नाही. तट मजबूत होता हे खरंच, पण सिद्दीची गलबतं औरंगजेबाला हवी होती आणि सुरतेच्या उत्पन्नातून त्याला तनखा मिळायचा. संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत टिकलं.

वेंगुर्ल्याची माई

जंजिऱ्याला चारी बाजूंनी पाणी. व्हिएन्नाला कुठे? तो तुमचा सिद्दी तुर्कस्तानाच्या जागेवर शोभेल. तनख्याचं मात्र बरोबर. ऑस्ट्रियाकडे विकायला एकच माल, सपोर्ट. बुडापेस्टमधूनही रुमानियाला सपोर्ट देता येतो, सर्बियातूनही. पहिल्या स्प्रिंगला रशिया आणि तुर्कस्तान ब्लॅक सीवर आपटले तर मास्तरांना फॉलमध्ये रुमानियासाठी कुणाचा तरी हात लागेल. फक्त तो हात दिलास तर त्या फॉलला सर्बिया ग्रीससाठी सपोर्ट देऊ शकणार नाही, कारण आर्मी एकच काम करते. मी ग्रीस सोडणार नाही. रुमानियाचं आश्वासन १९०२ चं द्यायचं.

हर्णैकर

माई, हे सगळं घेतलं. फक्त एक. मास्तरांना उत्तरेत कमी मिळावं म्हणून बायकोला स्वीडन अडवायला सांगितलं, तर म्हणते, "मला काय मिळणार?"

वेंगुर्ल्याची माई

तिचं काहीच जात नाही, हे तिला समजावून सांग. कील फ्लीटने स्प्रिंगमध्ये डेन्मार्क घ्यायचं, बर्लिनची आर्मी कीलला. फॉलमध्ये त्या फ्लीटने स्वीडनची ऑर्डर टाकायची. सेंट पीटर्सबर्गचा फ्लीट बॉथ्नियातून आला की दोघंही अडतात, तिचा फ्लीट डेन्मार्कमध्येच राहतो, म्हणजे डेन्मार्क तिचंच. कीलची आर्मी हॉलंडला. दोन सेंटर तिच्या पदरात, आणि रशियाला एक कमी. बदल्यात बोहेमिया आणि टायरोलियात दोघांनीही पाय ठेवायचा नाही, एवढं मागून घे. ते लेखी नको, ती नाहीतर चुलतभावाला दाखवील.