मदत हवी आहे: खर्रा तिसऱ्या दिवशीच परत का सुरू होतो?

मोठा भाऊ, वय ३६, चंद्रपूर. कोळसा खाणीत शिफ्टची नोकरी. १४ वर्षांपासून खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला), सध्या रोज ७-८ पुड्या. पहिली उठल्यावर १५ मिनिटांत, त्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणतो. वर्षभरात तीनदा सोडला. दोनदा तिसऱ्या दिवशी परत सुरू, एकदा २२ दिवस टिकला आणि पगाराच्या दिवशी पानठेल्यावर गेला. आईने पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. ती मोडल्यापासून लपून खातो, आणि जास्त खातो. एरवी शब्दाचा पक्का माणूस. मग इथेच असं का होतं? निकोटीनचं च्युइंगगम द्यावं का, आणि किती?

आडवाट
तिसरा दिवस आणि बाविसावा दिवस ही दोन वेगळी दुखणी आहेत. त्यांवर एकच उपाय करत राहिल्याने फसगत होते.

तिसऱ्या दिवसाचं कारण शरीरात. चुन्यामुळे तंबाखूतलं निकोटीन गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून पटकन रक्तात जातं. रोजच्या माऱ्याने मेंदूतले निकोटीनचे रिसेप्टर, म्हणजे ते जिथे चिकटतं त्या जागा, वाढतात. रक्तातलं निकोटीन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं, म्हणजे सकाळपर्यंत जवळपास खडखडाट. उठल्या उठल्या पुडी लागते ती यामुळेच. सोडल्यावर चिडचिड, झोपमोड, कामात लक्ष न लागणं हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातं आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतं.

बाविसाव्या दिवशी शरीर बरंचसं मोकळं झालेलं असतं. तेव्हा ओढतो तो ठेला. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत हे दिसलं होतं. सुरुवातीला फळांचा रस तोंडात पडला की मेंदूतल्या डोपामिनच्या (ओढ लावणाऱ्या रसायनाच्या) पेशी उसळायच्या. रसाआधी खूण मिळते हे माकड शिकलं, की त्या खुणेलाच उसळायला लागल्या. भावाच्या बाबतीत खूण म्हणजे पगार, शिफ्ट सुटणं, पन्नीत खर्रा घोटल्याचा आवाज. बेरिज आणि रॉबिन्सन या संशोधकांनी १९९३ मध्ये याच्या पुढची गोष्ट मांडली: व्यसनात ‘हवंसं वाटणं’ वाढत जातं, ‘आवडणं’ वाढतंच असं नाही. मजा येत नसतानाही माणूस खातो ते त्यामुळे. यात शब्दाचा पक्का असण्या-नसण्याचा संबंध फार थोडा.

व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेले बहुतेक अमेरिकन सैनिक घरी परतल्यावर पुन्हा त्याच्या आहारी गेले नाहीत, हे संशोधक ली रॉबिन्स यांच्या पाहणीत दिसलं. त्यांचा सगळा भोवताल बदलला होता. चंद्रपुरातला ठेला काही हलत नाही, त्यामुळे भावाची वाट बदलावी लागेल. आधी चार दिवस खर्रा सुरू असतानाच वहीत लिहायला सांगा: वेळ, जागा, सोबत कोण. सात-आठ पुड्यांमागे तीन-चारच प्रसंग सापडतील. सोडण्याची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवशीची धरा, म्हणजे पुढच्या पगारापर्यंत जवळपास महिना मिळतो. आणि त्या पगाराला एकट्याने बाजारात जायचं नाही.

पिंपळपान
गमआधी तोंड बघा. आपलीच तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमधून आत जायला हवीत. पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर दाताच्या डॉक्टरांकडे लगेच.

पहिली पुडी अर्ध्या तासाच्या आत लागते, तेव्हा २ मिलिग्रॅमची गम बहुधा कमी पडेल. ४ मिलिग्रॅमची चिठ्ठीवर मिळते, आणि डॉक्टरांना एकदा भेटायलाच हवं. हृदयाचा त्रास असेल तर नक्कीच. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन चार-आठ तासांनी. साध्या च्युइंगगमसारखी सतत चघळली की निकोटीन थुंकीबरोबर पोटात जातं, मळमळ-उचकी लागते आणि माणूस ‘मला सूट होत नाही’ म्हणून फेकून देतो. हळू चावायची, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायची, त्या गेल्या की पुन्हा चावायची. असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू काही नको. तोंड आंबट झालं की निकोटीन नीट शोषलं जात नाही. (चुन्याची करामत उलट्या दिशेने!)

धागाकर्ता
मधल्या काळात तंबाखू वगळून नुसती सुपारी चालेल ना?

पिंपळपान
अजिबात नाही. खर्र्यात सुपारीच जास्त असते आणि तिची स्वतःची लत लागते. तोंड आखडतं ते मुख्यतः तिच्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ पासून सुपारीला तंबाखूविनाही कर्करोगकारक ठरवलंय. बडीशेप, धणाडाळ, लवंग द्या.

जिरेमिरे
शपथेबद्दल. शपथ मोडली की एक पुडी ‘चूक’ राहत नाही, ‘मी संपलो’ होते, आणि मग दिवसभर खाल्लं जातं. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी या घसरणीचा बराच अभ्यास केलाय. आईंना सांगून ती शपथ सोडवून घ्या. त्याऐवजी आधीच ठरवा: एक पुडी खाल्ली गेली तर उरलेलं फेकायचं, त्याच दिवशी घरी सांगायचं, कोणी बोलायचं नाही, गम चालू ठेवायची. घरच्यांनी तोंडाचा वास घेणं बंद करा.

पोटाचं तो खरंच सांगतोय. निकोटीनने आतड्यांची हालचाल वाढते, सोडल्यावर बद्धकोष्ठ होतं. रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी, दोन-तीन आठवडे. तलफ पाच-दहा मिनिटांत उतरते. तेवढ्यात पाणी प्यायचं, जागा सोडायची. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, फोन त्याने स्वतः करावा.

रोज दारूही असेल तर ती अशी एकाएकी बंद करू नका, फिट येऊ शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीतच.

धागाकर्ता
दारू नाही. आत्ता तोंड बघितलं, दोनच बोटं जातात.

पिंपळपान
मग गम नको, जबड्याला त्रास होईल. त्वचेवर चिकटवायच्या निकोटीनच्या पट्टीबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि तारखेची वाट न बघता याच आठवड्यात नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. आखडलेलं तोंड पूर्ववत होणं अवघड असतं, पण सुपारी आज थांबली तर पुढची आखड रोखायची संधी मिळते.