हलका दमा असलेल्या मुलांना पंप द्यावा की सिरप-गोळी?

राजापूरची फार्मसिस्ट

पाऊस सुरू झाला की आमच्या दुकानात एक मागणी हमखास वाढते: "धाप लागल्यावर द्यायची ती बाटली द्या." चिठ्ठीवर डॉक्टरांनी पंप (इनहेलर) आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचा पोकळ नळा, लिहिलेला असतो. तो नको असतो. दमा हलका आहे, मग एवढ्याशा पोराला पंप कशाला, असं पालक विचारतात. माझं मत स्पष्ट आहे. दमा हलका असला तरी आधी पंपच.

हिशेब बघा. साल्ब्युटामॉल या धापेवरच्या औषधाच्या पंपाच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध असतं, दोन पफ म्हणजे २००. सिरपच्या ५ मिलीमध्ये तेच औषध २ मिलिग्रॅम, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम. दहापट औषध पोटातून रक्तात, रक्तातून अंगभर जातं आणि त्यातलं थोडंसंच श्वासनळ्यांना मिळतं. हात थरथरतात, छाती धडधडते, मूल चिडचिडं होतं ते यामुळेच. शिवाय पंपानं पाचेक मिनिटांत मोकळं वाटतं, सिरपला अर्धा तास तरी लागतो. धापेवर तोंडावाटे द्यायची ही औषधं टाळावीत, असं 'जिना' ही आंतरराष्ट्रीय दमा-मार्गदर्शिकाही सांगते.

आणि साल्ब्युटामॉल फक्त नळ्या मोकळ्या करतं. आतली सूज तशीच राहते. वरचेवर त्रास होणाऱ्या मुलाला सुजेसाठी ब्युडेसोनाइड किंवा बेक्लोमेथासोन या स्टेरॉइडचा कमी डोसचा पंप लागतो. ते काम कुठलीही खोकल्याची बाटली करत नाही.

गुहागरकर बाबा

ताई, सिरपबद्दल तुमचं म्हणणं पटतं. पण रोजच्या औषधाचं काय? माझा मुलगा चार वर्षांचा आहे. स्पेसरचा मास्क दिसला की किंचाळतो. बायको काजूच्या कारखान्यात, मी बोटीवर, घरी आई. ती सत्तरीची बाई त्याला धरून रोज दोन वेळा पंप देणार कशी? मॉन्टेलुकास्ट या दम्याच्या रोजच्या औषधाची ४ मिलिग्रॅमची चघळायची गोळी तो रात्री स्वतः मागून खातो.

२०११ साली ब्रिटनमध्ये साध्या दवाखान्यांतल्या रुग्णांवर अभ्यास झाला होता. दोन महिन्यांनी पाहिलं तर गोळीवाले आणि पंपवाले जवळपास सारखेच. कपाटात पडून राहिलेल्या पंपापेक्षा पोटात गेलेली गोळी केव्हाही चांगली.

राजापूरची फार्मसिस्ट

दादा, त्या अभ्यासात १२ वर्षांच्या पुढचे लोक होते, ८० पर्यंतचे. चार वर्षांच्या मुलाला तो निष्कर्ष लावता येत नाही. आणि दोन वर्षांनंतर दोन्ही सारखेच, असं त्याच अभ्यासाला ठामपणे म्हणता आलं नाही. मुलांमध्ये समोरासमोर तुलना झाली तिथे कमी डोसचा स्टेरॉइड पंपच एकूण सरस ठरला आहे.

चिपळूणची आई

गोळीबद्दल एक सांगायलाच हवं. माझी मुलगी मॉन्टेलुकास्ट सुरू झाल्यावर रात्री ओरडत उठायची, दिवसा कारण नसताना रडायची. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. डॉक्टरांनी गोळी थांबवली आणि काही दिवसांत ती पूर्वीसारखी झाली. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या औषधावर वागणूक आणि मनःस्थितीच्या परिणामांबद्दल चौकटीतला, म्हणजे सगळ्यात कडक, इशारा लावला आहे. सगळ्या मुलांना असं होत नाही, हे मान्य. पण हे आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं, याचा मला अजून राग आहे.

मालवणी आजी

माजो नातू पाच वर्सांचो. डॉक्टरांनी रोजचो पंप लिवून दिलो हा. त्येच्यात स्टेरॉइड आसता ना? पोराची उंची खुंटतली, सवय लागतली, असा सगळे सांगतत. त्यापेक्षा गोळी बरी, असा माका वाटता.

दापोलीची नर्स

आजी, उंचीची भीती अगदीच खोटी नाही, म्हणून खरा आकडा सांगते. अमेरिकेत ५ ते १२ वर्षांच्या मुलांना काही वर्षं रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड दिलं आणि ती मोठी झाल्यावर उंची मोजली. फरक सरासरी १.२ सेंटीमीटर. हलक्या दम्यात डोस बहुधा याच्या निम्मा किंवा त्याहून कमी असतो. उलट दमा अंगावर काढला आणि झटका आला, तर १५ किलोच्या मुलाला दिवसाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड पाजावं लागतं. औषधं वेगळी आहेत, वजनाला वजन लावून तुलना होत नाही. पण ते स्टेरॉइड सगळ्या अंगात फिरतं. असे झटके वारंवार येऊ नयेत म्हणून तर रोजचा पंप. सवय लागत नाही. पंप दिल्यावर चूळ भरायला लावा, मास्क असेल तर तोंडही पुसा.

गुहागरकर दादा, रडणाऱ्या मुलाच्या छातीत औषध फारसं पोचत नाही, ही तुमची अडचण खरी आहे. म्हणून जबरदस्ती नको. दोन दिवस नुसता स्पेसर खेळायला द्या, आधी आजीनं स्वतःच्या तोंडाला लावून दाखवावा. मग पंप हलवून एकच पफ, मास्क घट्ट, पाच-सहा साधे श्वास. दुसरा पफ हवा तर पुन्हा पहिल्यापासून. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवून तसाच वाळू द्या, फडक्यानं घासू नका. घासलं की प्लॅस्टिकला औषध चिकटतं.

वाडीत स्पेसर मिळत नाही म्हणून धापेवर सिरप देणाऱ्यांसाठी: दक्षिण आफ्रिकेत १९९९ साली ५०० मिलीच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाशी पंपाच्या मापाचं भोक पाडून, सांधा बंद करून वापरली, तर ती विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडली. ती मुलं ५ वर्षांच्या पुढची होती. अडीअडचणीला हे लक्षात ठेवा.

सड्यावरचा

पंप की गोळी यावर भांडा, पण जांभ्याच्या भिंतीला आलेली बुरशी, न्हाणीघराच्या चुलीत पेटवलेली नारळाची सोडणं आणि उन्हाळ्यात शेतात पालापाचोळ्याचा राब भाजताना गावभर पसरणारा धूर, यांच्याबद्दल कुणीच बोलत नाही. आमच्याकडे मुलांची खोली चुलीपासून लांब नेली, त्याचाही फरक पडला.

गुहागरकर बाबा

धापेसाठी पंप, हे मला मान्य आहेच. रोजच्या औषधात मी अजून गोळीच्या बाजूचा आहे. माझ्या घरात जे नेमानं होतं तेच मी धरणार. स्वभावात बदल दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करीन. पण ज्यांच्या घरी पंप द्यायला धडधाकट माणूस हजर नाही, त्यांना दोषी ठरवू नका.

राजापूरची फार्मसिस्ट

दोष कुणालाच देत नाही. डॉक्टरांनी सांगून-सवरून गोळी दिली असेल तर ती नेमानं द्या, मनानं बंद करू नका. माझा विरोध आहे तो पंप लिहिलेला असताना बाटली मागण्याला, आणि शेजारच्या मुलाची गोळी आपल्या मुलाला देण्याला. बरगड्यांमध्ये खळगे पडत असतील, बोलताना वाक्य तुटत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत स्पेसरमधून पफ देत राहा. त्या वेळी सिरपच्या परिणामाची वाट बघत बसू नका.