मदत हवी आहे: इंग्रजी क्रियापदांची ही शेपटं डोक्यात कशी बसवायची?

नमस्कार मंडळी. मी राहते कळव्याला, तुर्भ्यात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात डिस्पॅच बघते. शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी पाचवीपासून. मेल वाचते, लिहितेही. पण क्रियापदाला 'ऑफ', 'अप', 'इनटू' चिकटलं की घोळ होतो.

मागच्या आठवड्यात पार्टीचा मेल आला, 'वी हॅव कॉल्ड ऑफ टुमॉरोज लोडिंग'. 'कॉल' दिसला, म्हणजे लोडिंगआधी फोन करतील असं धरून चालले. सकाळी साडेसातला टेम्पो रवाना. गोडाऊनचा वॉचमन म्हणे, आज काही नाही. ड्रायव्हर अकरापर्यंत गेटवर आणि मी इकडे फोनची वाट बघत! मग साहेबांचा मेल, 'प्लीज लुक इनटू इट'. मी फाइल उघडून पाहिली आणि कळवलं, 'पाहिलं सर'. (हसू नका. साहेब हसले नाहीत.)

आता दोनशे क्रियापदांची यादी उतरवून घेतलीय. ठाण्याहून वाशी लोकल पकडली की पाठांतर सुरू. ऐरोलीपर्यंत 'पुट ऑफ', 'पुट ऑन', 'पुट अप विथ' सगळं येतं, कोपरखैरण्याला खिचडी. 'पुट ऑफ' म्हणजे रद्द की पुढे ढकललं, हे आजही छातीठोक सांगता येत नाही. क्लासला वेळ नाही, शनिवारीही ऑफिस असतं. काय करू?

घणसोलीकर:
'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं, 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द. 'लुक इनटू' म्हणजे नुसतं बघणं नाही, काय झालं त्याचा छडा लावणं.
ताई, ती यादी आधी फेकून द्या. आता बघा, 'फेकून द्या' म्हटलं, यात कुणी कुणाला काय दिलं? 'खाऊन टाक' म्हटल्यावर कोण काय टाकतं? आपण हे पाठ केलं नाही, वाक्यासकट कानावर पडत गेलं. तसंच करा. मेलमधलं अख्खं वाक्य वहीत उतरवा आणि शेजारी त्या दिवशी काय घडलं ते लिहा. डिस्पॅचच्या मेलमध्ये फिरून फिरून तीच क्रियापदं येतात.
एक खोच मात्र आहे. 'पिक अप द पार्सल' चालतं, 'पिक द पार्सल अप'ही चालतं. पण पार्सलऐवजी 'इट' आलं की ते मध्येच बसतं, 'पिक इट अप'. 'पिक अप इट' नाही. उलट 'लुक इनटू'ची जोडी फुटत नाही, तिथे 'लुक इनटू इट'च.

निवृत्त बाई, नौपाडा:
परदेशी पार्टी असेल तर 'गेट डाऊन ॲट ठाणे' लिहू नका. आपल्याकडे चालून जातं, पण तिकडे ट्रेनमधून 'गेट ऑफ' होतात आणि कारमधून 'गेट आऊट'. आणि 'लुकिंग फॉरवर्ड टू'नंतर 'हिअरिंग' येतं, 'हिअर' नाही. आयुष्यभर वह्यांमध्ये हेच लाल केलं.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. वहीचं पहिलं पान झालं: 'कॉल्ड ऑफ', समोर 'टेम्पो रिकामा परत, अकरापर्यंत गेटवर'. आता विसरणं कठीण आहे.
आज साहेबांचा मेल आलाय, 'फॉलो अप विथ द वेअरहाऊस'. मी वेअरहाऊसला फोन करून गाडी भरली का ते विचारलं आणि संध्याकाळी परत करणार आहे. बरोबर ना?